काउंटरची फळी

मिस्त्रींना आपल्या हाताचा गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. आधी वीस वर्षं कपाटं-पलंग केले, मग इलेक्ट्रिक गिटारींकडे वळले, आणि आता घराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत वर्षाला आठ-दहा गिटारी बनवत. त्यांची बायको स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपची केसासारखी बारीक तार गुंडाळून द्यायची. सात हजार फेरे मी मोजायचे आणि नाव व्हायचं यांचं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. त्यात खोटं काही नव्हतं.

या वेळची गिटार घरचीच होती, बायकोच्या धाकट्या भावाची. धाकटा दवाखान्यात एक्स-रे काढायचा आणि कामावरून आला की गिटार घेऊन बसायचा. त्याचे वडील, म्हणजे मिस्त्रींचे सासरे अण्णा, घड्याळजी होते. चाळीस वर्षं एकाच शिसवी काउंटरवर कोपरं टेकून त्यांनी लोकांची घड्याळं उघडली आणि मिटली. ते गेले, दुकान विकलं, नव्या मालकाने काउंटर फोडला. धाकट्याने धावपळ करून त्यातली एक फळी तेवढी वाचवली. पावणेदोन फूट लांब, चार बोटं रुंद. गिटारीच्या मानेवर बोटं फिरतात तो एक फ्रेटबोर्ड निघेल, दुसऱ्याचं नाव काढायला नको.

फळीवर नखाएवढा काळा डाग होता. कधीतरी सासऱ्यांचा स्पिरिटचा दिवा तिथे कलंडला होता. धाकट्याने दोनच गोष्टी सांगितल्या. एक, तो डाग वरच्या अंगाला राहू द्या. दुसरी, तारेचं माप आखूड धरा, पावणेपंचवीस इंच. कारण हात त्याने वडिलांचेच घेतले होते, छोटे आणि नाजूक. "बाकी तुमच्यावर सोडलं, भाऊजी," म्हणाला आणि गेला. नंतर एकदा फोन करूनही विचारलं नाही त्याने. आपल्या माणसावर इतका विश्वास टाकणारी माणसं असतात, आणि त्यांच्याच वाट्याला असलं काहीतरी येतं.

गिटारीची तार जेवढी लांब, त्या हिशेबाने फ्रेटबोर्डवर आडव्या खाचा पाडाव्या लागतात. त्या खाचांत धातूच्या फ्रेट बसतात. खाच जरा सरकली की सूर गेला. म्हणून मिस्त्रींकडे पोलादाच्या दोन पट्ट्या होत्या, एक साडेपंचवीस इंची मापाची, एक पावणेपंचवीस. फळी पट्टीवर चिकटवायची, पट्टीच्या एकेका दात्यात टेबलावरचा खिळा अडकवत पुढे सरकायचं आणि करवत चालवायची. दहातल्या नऊ गिटारी लांब मापाच्या, तेव्हा लांब पट्टी भिंतीवरच्या खिळ्यावर नेहमी पुढे असायची.

नेमका त्या दिवशी एक हौशी गृहस्थ गिटार करून घ्यायची म्हणून काम बघायला आले होते. कोणी बघत असलं की मिस्त्रींच्या अंगात चार हात येत. आम्हाला मापं बघावी लागत नाहीत, हातच जातो बरोबर, असं गृहस्थांना सांगता सांगता त्यांनी भिंतीवरची पुढची पट्टी उचलली, फळी चिकटवली आणि बावीस खाचा पाडून दाखवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गृहस्थ खूश होऊन गेले. मिस्त्रींनी फळी गिटारीच्या आराखड्यावर ठेवली, आणि शेवटची खाच अर्धा इंच बाहेर गेलेली पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी पट्टी उलटून माप वाचलं. साडेपंचवीस.

तेव्हाच आत जाऊन बायकोला सांगितलं असतं तर ती दोन दिवस बोलली नसती, धाकटा हळहळला असता, आणि विषय तिथे संपला असता. पण ज्या हाताचं नुकतंच एवढं कौतुक झालं होतं, त्या हाताने चूक केली हे तोंडातून निघेना. ती फळी त्यांनी जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि लाकडांच्या मागे सारली. मग आपल्या साठ्यातली दुसरी शिसवी फळी काढली, रंग जवळपास तोच, आणि या वेळी माप तीनदा वाचून खाचा पाडल्या.

इथवर झालं ते घाबरून झालं, असं तरी म्हणता येईल. पुढचं तसं नव्हतं. दार लावून त्यांनी तारा जोडायचं सोल्डरिंग आयर्न तापवलं, जुनी फळी शेजारी ठेवली आणि पाचव्या खाचेजवळ नव्या फळीवर डाग पाडला. कडा फिकी, मध्य काळा, एका बाजूला जरा ओघळलेला. फार सुरेख जमला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपलं काम चांगलं झाल्याची शरम वाटली.

खाई त्याला खवखवे. जेवताना बायको नुसती बघत असली तरी मिस्त्रींना वाटायचं, आता विचारणार. फ्रेटबोर्डला तेल लावायचं काम तिचं. तिने ते लावलं, अगदी सावकाश, आणि अण्णांच्या दुकानात शाळेतून आल्यावर मी याच काउंटरखाली बसून अभ्यास करायचे म्हणाली. मिस्त्री गोंद आणायचा म्हणून उठून गेले. गोंदाचे दोन डबे कपाटात भरलेले होते.

त्याहून वाईट पुढे झालं. गिटार जोडून झाली, तारा जिथे अडकतात त्या ब्रिजची भोकं पाडून झाली, आणि एका सकाळी दात घासताना त्यांच्या डोक्यात आलं की जुनी फळी वाया गेलीच नव्हती. लांब मापाची फळी पहिल्या खाचेवर तोडली तर उरलेल्या खाचा आपोआप आखूड मापाच्या होतात, चोवीस इंचांच्या किंचित वर. छोट्या हाताला तर उत्तमच. एक फ्रेट कमी, एवढंच. हे त्यांना शिकाऊ माणसालाही समजावता आलं असतं, पण त्या दिवशी त्यांचं डोकं फळी वाचवण्यात नव्हतं, स्वतःला वाचवण्यात होतं.

धाकटा गिटार न्यायला आला. बसला, अ‍ॅम्प्लिफायर लावला, वाजवू लागला. छान वाजवत होता. मग थांबला, आणि डागावर अंगठा ठेवून नुसता बसून राहिला. बायकोने पदराने डोळे पुसले. ते मिस्त्रींना सहन झालं नाही.

ते उठले, लाकडांमागून टॉवेल काढून आणला आणि दोघांच्या समोर उलगडला.

"अण्णांची फळी ही आहे," ते म्हणाले. "खाचा चुकल्या माझ्याकडून. ती दुसरी आहे."

धाकट्याने एकदा या फळीकडे पाहिलं, एकदा त्या. त्याला कळायला वेळ लागला. मग त्याने डागावरचा अंगठा हळूच उचलून घेतला. बोलली ती बायको.

"खाचा चुकल्या ते समजू शकते मी," ती म्हणाली. "अहो, पण डाग?"

मान खाली घालून मिस्त्रींनी एवढंच सांगितलं की जुनी फळी अजून लावता येईल. पहिल्या खाचेवर तोडावी लागेल, डाग पाचव्याऐवजी चौथ्या फ्रेटजवळ येईल, ब्रिज पुढे घ्यावा लागेल आणि आधीची भोकं बुजवली तरी दिसतील.

"लावा," धाकटा म्हणाला. "पण मी इथे असताना."

रविवारी तो सकाळीच आला. चहा नको म्हणाला. पत्र्याच्या खोलीत स्टूल ओढून मिस्त्रींच्या अगदी शेजारी बसला. मिस्त्रींनी कपड्यांची इस्त्री फिरवून खोटा फ्रेटबोर्ड तापवला, पातळ सुरी घालून सोडवला आणि जळणाच्या लाकडांत टाकला. मग शिसवी फळी शिकंज्यात धरली आणि करवत उचलली.

"थांबा," धाकटा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "इथे तोडलं की उरेल ते बरोबर, हे कशावरून?"

वीस वर्षं लाकडात आणि त्यावर एवढ्या गिटारी. मिस्त्रींना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी करवत खाली ठेवली. पहिल्या खाचेपासून पुढची बारावी खाच, म्हणजे तेरावी, तारेच्या बरोबर मध्यावर यायला हवी, बारा इंचांच्या किंचित वर, असं सांगितलं आणि मोजपट्टी त्याच्या हातात दिली.

धाकट्याने वाकून मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. मग मान हलवली, आणि मिस्त्रींनी करवत लावली.