मी बंद पडलो नव्हतो

मित्रांनो, मी एका मोटारसायकलचा जुना दिवा आहे. जुना म्हणालो, बिघडलेला म्हणालो नाही. माझ्याबद्दल काही ऐकले असेल तर ते आधी विसरा आणि मगच पुढे वाचा.

कारखान्यातून मी ज्या घरी आलो, तिथला नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. बायको रुग्णालयात परिचारिका होती, शस्त्रक्रियेच्या खोलीत तासन् तास उभी राहणारी. तिची दुपारची पाळी रात्री उशिरा सुटे आणि तिला घरी आणणे हे आमचे काम. खरे सांगतो, त्या कामात सुख होते. कालव्याकाठचा रस्ता मोकळा असायचा. दिवसभराची धग उतरून वारा गार व्हायचा. ती मागे बसून डॉक्टरांच्या नकला करायची आणि तो इतका हसायचा की गाडी डुलायची. माझ्या काचेवर किडे आपटायचे. सकाळी तो जुन्या बनियनच्या तुकड्याने मला पुसायचा आणि शेजाऱ्यांना सांगायचा, "आमचा दिवा म्हणजे नुसता उजेड!"

कौतुक कुणाला आवडत नाही? मीही फुशारून गेलो होतो.

पण चित्रकार पडला ना तो! एका चांदण्या रात्री त्याने बटण दाबून मला बंद केले. "बघ, कालवा कसा दिसतोय!" पहिल्यांदा तीही हरखली. मग त्याला चटकच लागली. चांदणे पडले की माझी गरज संपली. मी पुढे बसून आंधळ्यासारखा धावायचो.

अशाच एका रात्री वाटेतल्या झाडांखाली रस्तेवाल्यांनी खडीचा ढीग टाकून ठेवला होता. सावली दाट होती.

"अरे, दिवा लाव. पुढे झाडं आहेत," ती म्हणाली.

"लावतो गं, जरा थांब. ही मजा पुन्हा नाही."

त्याचे कोपर खरचटले. तिच्या गुडघ्याचा चुरा झाला.

रुग्णालयात सासूबाई धावत आल्या. तो मान खाली घालून म्हणाला, "ऐनवेळी दिवा गेला, आई." सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "हो. दिवाच गेला."

"मेल्या दिव्याने घात केला गं माझ्या सुनेचा!" सासूबाई रडू लागल्या. ही हकीकत त्यानेच पुढे मेकॅनिकला रंगवून सांगितली. गाडीवर बसल्याबसल्या मी ती निमूट ऐकली. दिव्याला तोंड कुठे असते?

मेकॅनिकने बटण दाबले आणि मी लख्ख लागलो. "अहो, हा तर चांगला आहे!"

"असू दे. बदलून टाका," तो म्हणाला. खोट्याला पुरावा हवा होता, म्हणून माझ्या जागी नवा दिवा बसला. मेकॅनिक चांगली वस्तू टाकणाऱ्यांतला नव्हता. त्याने मला बॅटरी जोडून गॅरेजच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कामाला लावले.

काही महिन्यांनी ती दोघे ब्रेक दाखवायला आली. तिच्या हातात काठी होती. आता ती रुग्णालयाच्या खिडकीत बसून केसपेपर काढते. उभे राहण्याचे काम तिला कायमचे बंद झाले. तो तिच्याशी फार जपून, फार गोड बोलत होता. ते गोड बोलणे मला सहन होईना.

मेकॅनिक हसत म्हणाला, "ओळखलंत का वहिनी? तुमचाच दिवा! मला तर याने एकदाही दगा दिला नाही."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तो किल्लीशी चाळा करत होता.

"आम्हालाही दिला नव्हता," ती म्हणाली.

ती काठी टेकत रस्त्यावर गेली आणि तिने घरी जायला रिक्षा थांबवली.

मित्रांनो, रात्रीची मजा जरूर घ्या. फक्त आम्हाला लावा. आणि लावले नसेल, तर निदान तसे सांगा.