बाबांचे फुटकळ प्रश्न

हिवाळ्यातल्या दुपारी उन्हाची तिरीप चुकवायला कपाळावर आडवा धरलेला हात आणि घशातल्या घशात खाकरल्याचा आवाज, एवढ्यावरून मला कळे की बाबा आता काहीतरी विचारणार. प्रश्न हमखास बिनकामाचा. संध्याकाळी पत्रे कडकड का वाजतात? कावळा मान तिरकी करूनच का बघतो? असल्या क्षुल्लक कुतूहलांनी त्यांचं थकलेलं वय भरून गेलं होतं, आणि उत्तराची वाट न पाहताच ते पुढे चालू लागत.

खरा प्रश्न एकच होता आणि तोच ओठांवर येत नसे. महायुद्धात आमचं भातशेत छावणीसाठी गेलं. लढाई संपली की परत मिळेल असं कोणीतरी म्हणालं, आणि बाबांनी ते मनाशी घट्ट धरलं. लढाई संपली, शिपाई गेले आणि त्याच बराकींत फाळणीत घरदार मागे टाकून आलेली सिंधी कुटुंबं राहू लागली. त्यांना 'तुम्ही कधी जाणार' एवढंच विचारायला बाबा अधूनमधून कॅम्पात जात. वाटेत त्यांना दम लागे, म्हणून सोबतीला मी.

आमच्या शेताच्या जागी उभ्या असलेल्या बराकीच्या दाराशी एक म्हातारी पापड लाटत बसलेली असे. बाबा तिच्यासमोर बसत, खाकरत, आणि टोपलीतला कमळाचा देठ उचलून म्हणत, "माई, ये चिखल में उगता, फिर इसके भोक में चिखल कैसा नय जाता?"

"जाता है, दादा. धोना पड़ता है," ती हसून सांगे.

घरी आई दारातच उभी. "इचारला का?"

"इचारला. त्यांचे पापडान मिरी असते, भरडलेली."

आई कपाळाला हात लावी. मला आधी हसू येई, आणि मग त्या हसण्याचाच शीण येई.

एका पौषात मात्र म्हातारीनेच लाटणं थांबवलं. "दादा, इधर पहले क्या था?" दुपार सरावी म्हणून सहज विचारावं, तसं तिने विचारलं. ती बसली होती तिथे आमचं खळं होतं. मळणीच्या बैलांचा संथ फेरा, नव्या भाताचा उष्ण गंध आणि उन्हात तरंगणारा सोनेरी कोंडा, सारं तिच्या पाटाखाली निपचित पडलेलं होतं. बाबांनी जमिनीवर तळहात टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"कुछ नय, माई. खाली माळरान था. पत्थर."

तिचा जीव भांड्यात पडला. "अच्छा हुआ. डर लगता था, किसी का होगा."

परतताना बाबा थांबले नाहीत, खाकरलेही नाहीत. घर जवळ आल्यावर मला एवढंच म्हणाले, "बाय, आता तिकरं जायाचा नाय." मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्यांना घट्ट धरून रडावंसंही वाटलं.

त्यानंतर बाबांनी कोणालाच काही विचारलं नाही. पुढे ते गेले, आई गेली, आणि त्या शेताला शेत म्हणणारी मी एकटी उरले. माझ्या स्मरणाचा हा क्षीण धागा तुटला की काळ बाबांचा शब्द खरा करील. तिथे कधी कोणाचं काही नव्हतंच.