वडिलांनी भरायचा फॉर्म

श्रुतिका उतेकर दहावीत असताना माझ्या क्लासला आली. महाडला मी फिजिक्सचे क्लास घेतो. ती वरंधहून एसटीने यायची, मागच्या बाकावर बसायची आणि माझं गणित चुकलं की क्लास संपल्यावर फळ्याजवळ येऊन हळूच सांगायची, "सर, इथे वजाचं चिन्ह राहिलं." तिची आई सारिकाताई वरंधला अंगणवाडी सेविका. वडिलांबद्दल विचारलं तर "मुंबईला असतात" एवढंच ती म्हणायची. आमच्याकडे निम्म्या घरांतले पुरुष मुंबईलाच असतात, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

अकरावीत तिने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या एका कॉलेजात सगळा खर्च मिळवून शिकणारी नेपाळची एक मुलगी त्यात बोलत होती. "सर, हे खरं असतं?" मला माहीत नव्हतं. मी स्वतः महाडच्या पलीकडे शिकायला गेलो तो फक्त पुण्यापर्यंत. पण तिने विचारलं म्हणून मी वाचायला लागलो, आणि पुढचे सहा महिने आम्ही दोघं रविवारी क्लास सुटल्यावर याद्या करत बसायचो.

कॉलेजं हजारो, पण आमच्या उपयोगाची फार थोडी. काही मोठी नावाजलेली कॉलेजं घरची परिस्थिती न बघता प्रवेश देतात, पण तिथे जगभरातून अर्ज येतात आणि शंभरातले तीन-चार घेतात. काही कॉलेजं आधी बघतात की या मुलीला किती मदत द्यावी लागेल. ते त्यांच्या पैशांत बसलं तरच घेतात, पण एकदा घेतलं की घरच्यांना जमणार नाही तेवढं सगळं भरतात. आणि बाकीची असंख्य कॉलेजं स्कॉलरशिपची मोठी जाहिरात करून अर्धाअधिक खर्च आपल्यावरच टाकतात. ही शेवटची तिने एका बैठकीत खोडून टाकली. राहिली नऊ.

त्या नऊंचे नियम वाचताना कळलं की त्यातली पाच कॉलेजं आई आणि वडील दोघांच्याही उत्पन्नाची माहिती मागतात, मग ते एकत्र राहत असोत की नसोत. चार कॉलेजांना मूल ज्याच्याजवळ राहतं त्याचीच माहिती चालत होती. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. श्रुतिकाने पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

"सर, पप्पा मुंबईला नाहीत," ती म्हणाली. "पोलादपूरला आहेत."

ती सात वर्षांची असताना किशोर उतेकर घर सोडून गेला होता. पोलादपूरला हायवेलगत त्याचं हॉटेल होतं आणि रेश्मा नावाच्या बाईबरोबर त्याचा संसार होता. महाडहून एसटीने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. वाढदिवसाला तो श्रुतिकाला फोन करायचा. बाकी वर्षभर काही नाही.

यावर एक उपाय होता. वडिलांशी काही संबंध उरला नाही असं आईने आणि एखाद्या शिक्षकाने लिहून दिलं, तर ती पाच कॉलेजंही वडिलांचा फॉर्म माफ करत. पुढच्या रविवारी सारिकाताई स्वतः आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "लिवा सर, हिला बाप नाय म्हणून. मी सही करते."

"ताई, वर्षातून एकदा फोन येतो तिला. अजिबात संबंध नाही असं कसं लिहायचं?"

"वर्षातनं एक फोन, याला तुम्ही संबंध बोलता?"

खरं सांगायचं तर मी सही करायला तयार झालो होतो. श्रुतिकाच म्हणाली, "आये, खोटं नको. मी विचारते त्यांना."

सारिकाताईंनी तिच्याकडे बघितलं. "इचार. तुझा बाप हाय तो," एवढं बोलून त्या बाहेर पडल्या. एसटीला अजून तास होता, तरी थांबल्या नाहीत.

मी श्रुतिकाला म्हटलं, नुसती ती चारच ठेवू. वडिलांचा प्रश्नच येणार नाही. ती म्हणाली, "सर, फिजिक्सची लॅब त्या पाचांचीच चांगली आहे." ते खरंच होतं. पण पोलादपूरला जायचं ठरल्यापासून तिच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते लॅबचं नव्हतं. मला ते समजलं आणि मी न समजल्यासारखं केलं.

दिवाळीच्या आधी आम्ही दोघं गेलो. हायवे आता पोलादपूरच्या पोटातून खाली गेला आहे. गाड्या खालूनच निघून जातात आणि वरच्या रस्त्यावरची हॉटेलं बघत बसतात. किशोरच्या हॉटेलात सहा टेबलं होती आणि एकच गिऱ्हाईक. तो गल्ल्यावर पेपर वाचत होता. मिशी काळीभोर रंगवलेली. श्रुतिकाला बघून आधी तो नुसताच उभा राहिला, मग आत तोंड करून ओरडला, "रेश्मा, कोण आलीय बघ गो! माझी पोरगी आलीय!"

त्याने आमच्यासमोर भजी, मिसळ, चहा, सगळं एकदमच मांडलं. मी सांगत होतो ते ऐकताना तो श्रुतिकाकडेच बघत होता. अमेरिका हा शब्द आला तेव्हा त्याचे डोळे भरले. "माझं काम काय हाय त्यात?" त्याने विचारलं.

"तुमच्या उत्पन्नाची माहिती भरायची. वडिलांचा फॉर्म वेगळा असतो. तो तुम्हीच भरायचा, तिला तो दिसत नाही, तसा नियमच आहे. मी आता बसून भरून देऊ का?"

"नाय सर, कागदं घरात हायत. भावाचा पोरगा हाय, ऋत्विक, तो कॉम्प्युटरचं सगळं करतो. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

मी तिथेच बसायला हवं होतं. आकडे काय आणि कशासाठी द्यायचे, हे त्या ऋत्विकला फोन करून तरी सांगायला हवं होतं. पण तीन दिवसांनी किशोरचा फोन आला, "भरला फॉर्म, एकदम व्यवस्थित," आणि मी सुटलो. माझ्यामागे बारावीची बॅच होती. श्रुतिका तर त्या महिन्यात जितकी बोलली तितकी मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. पप्पांनी फोन केला, पप्पांनी जर्किन घेऊन ठेवलंय, तिकडे बर्फ पडतो म्हणून.

बारावीची परीक्षा संपली आणि मार्चच्या अखेरीस उत्तरं यायला लागली. नाही. नाही. आठ कॉलेजांनी नकार कळवला. नववं मिनेसोटातलं एक छोटं कॉलेज होतं, वडिलांची माहिती मागणाऱ्या पाचांमधलं. सकाळी सात वाजता तिचा फोन आला. "सर, घेतलं!" मी ब्रश हातात धरून अंगणात उभा होतो. पैशांचं पत्र वेगळं असतं, ते उघड, एवढं मी म्हणालो. ती म्हणाली, मी तिकडेच येते, आपण दोघं उघडू.

पत्रात अभिनंदन होतं, आणि खाली तक्ता. घरच्यांनी दर वर्षी भरायची रक्कम आमच्या पैशांत चोवीस लाखांच्या आसपास जात होती. मला वाटलं माझंच चुकतंय. मी परत हिशेब केला. सारिकाताईंचं पंधरा वर्षांचं मानधन एका वर्षात.

श्रुतिकाने फोन माझ्या हातातून घेतला. "पप्पांनी काय लिहिलंय?" ती म्हणाली.

आम्ही त्याच दिवशी पोलादपूरला गेलो. किशोरला आधी वाटलं आम्ही पेढे घेऊन आलोय. मी विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. हॉटेल स्वतःचं लिहिलं होतं. दोन ट्रक लिहिले होते. भावकीची सगळी जमीन आणि चुलत्याचा मुंबईचा फ्लॅटसुद्धा स्वतःच्या नावावर दाखवला होता.

"असं का केलंत?" मी विचारलं.

"आमच्यातला एक पोरगा दुबईला गेला, तवा एजंट बोलला, अकाउंटला पैसे दिसले पायजेत, नाय तर घेत नाय. मला वाटलं हे पन तसंच. बाप कंगाल दिसला तर पोरीला दारात कोण उभी करील?" तो आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. "मी तुझ्यासाठीच केलं गो."

"पप्पा, आपण मदत मागत होतो," श्रुतिका म्हणाली. "आपल्याकडे नाही, हेच सांगायचं होतं."

रेश्मा पाण्याचे ग्लास घेऊन आली होती. ती तशीच आत परतली.

अपील करता येत होतं. दुसऱ्या दिवशी किशोर महाडला माझ्या क्लासवर आला. इस्त्रीचा शर्ट घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. मी एकेक प्रश्न वाचायचो, तो उत्तर द्यायचा आणि श्रुतिका टाइप करायची. हॉटेल? भाड्याचं. गाडी? ट्रक होता, विकला. जमीन? भावाकडे हाय, माझ्या नावावर नाय. महिन्याला हाती काय येतं? तो छताच्या पंख्याकडे बघत राहिला. मग जो आकडा सांगितला तो सारिकाताईंच्या मानधनापेक्षा कमी होता. श्रुतिकाने तो टाइप केला. किशोर मुलीकडे बघत नव्हता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"आजून काय इचारायचं हाय त्यांना?" शेवटी तो म्हणाला.

"काही नाही पप्पा. झालं."

आणलेला चहा न घेताच तो गेला.

दहा दिवसांनी उत्तर आलं. पाच-सहा ओळींचं, अतिशय सभ्य. तुमची अडचण आम्ही समजू शकतो, प्रवेश कायम आहे, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा निधी वाटून झाला आहे आणि मदतीची रक्कम आता वाढवता येणार नाही. निर्णय एक मेपर्यंत कळवावा.

श्रुतिकाने ते दोनदा वाचलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "सर, पप्पांनी खरं लिहिलं असतं तर यांनीही घेतलं नसतं ना?"

"असं सांगता येत नाही."

"येतं, सर. ज्या चार ठिकाणी पप्पा नव्हते, तिथे आईचे खरे आकडे होते. तिथून नकारच आला."

मी म्हटलं, एक वर्ष थांब, पुढच्या वर्षी परत करू, आता आपल्याला सगळं माहीत आहे. तिने मान हलवली. "नको, सर." कारण सांगितलं नाही. महाडला येऊन गेल्यापासून किशोर तिचे फोन उचलेनासा झाला होता, हे मला नंतर कळलं. एकदा ती एकटीच पोलादपूरला जाऊन आली. तो कोल्हापूरला गेलाय असं रेश्माने सांगितलं. जर्किन मात्र पिशवीत घालून दिलं.

जूनमध्ये तिने महाडलाच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. माझ्याकडे नववीच्या मुलांना शिकवायला येशील का, म्हणून मी विचारलं. "बघते" म्हणाली आणि आली नाही.

जुलैत एका दुपारी सारिकाताई आल्या. पंचायत समितीत मीटिंग होती म्हणे. छत्री दारात ठेवून त्या बाकावर टेकल्या. पोरगी जेवते, कॉलेजात जाते, भांडत नाही, त्यांनी सांगितलं. घरात आली की पुस्तक उघडून बसते, पण पान उलटत नाही.

"सर, मला एक सांगा. त्या माणसानं खोटं लिवलं म्हणून तिचं गेलं, असं मी तिला चार महिने बोलतेय," त्या म्हणाल्या. "पन परवा मनात आलं. श्रीमंत बापाची म्हणूनच तिला घेतली असंल का त्यांनी?"

"तसंही असेल, ताई."

"म्हंजे बाकीचे माझं मानधन बघून 'नाय' बोलले."

मी म्हटलं, तसं नसतं, तिथे हजारो मुलं असतात, अनेक गोष्टी बघतात. त्या ऐकत होत्या की नाही माहीत नाही. पदराने त्यांनी हात पुसले, हात कोरडेच होते.

"हे तिला बोलू नका," उठताना त्या म्हणाल्या. "तिला तसं नको वाटाया."

"नाही बोलणार," मी म्हणालो. तिने हे एप्रिलमध्येच मला बोलून दाखवलं होतं, ते मी सांगितलं नाही.

त्यांनी छत्री उघडली आणि पावसातून एसटी स्टँडकडे चालत गेल्या. साडेतीनची बॅच जिना चढत होती. मी फळा पुसला आणि खडू हातात घेतला.