मावशीच्या खोलीतली शांतता

चिमीनं आईचा पदर ओढला, गळ्यावरून हात फिरवला आणि वाट बघत उभी राहिली.

"काय हवंय? तोंडानं सांग."

चिमीनं पुन्हा गळ्यावरून हात फिरवला.

"पाणी मागतेय," मावशी म्हणाली आणि फुलपात्र भरायला उठली.

"पाणी मागतेय ते मला कळतंय, मावशी." चिमीची आई कापडाच्या मागासाठी कांड्या भरायच्या कामावरून थेट आली होती. केसांत, भुवयांवर सुताची पांढरी भुकटी बसलेली. "तीन वर्षांची होत आली. एक शब्द नाही. सासूबाई काल तोंडावर म्हणाल्या, पोरगी मुकी आहे म्हणून."

मावशीला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तिनं ते चिमीच्या आईच्या ओठांवर वाचलं. सगळं तारुण्य तिनं मागावर काढलं होतं. शेडमध्ये शंभर धोटे एकदम धडधडायला लागले की शेजारच्या बाईनं कानात ओरडलेलंही पोचत नसे. मग तिथल्या बायका ओठांवरून बोलणं ओळखायला शिकल्या आणि हातांनी बोलायला. मावशीचे हात तर वकिलाच्या जिभेसारखे चालत. कान मात्र एकेक करून गेले. कामावरून उतरली तेव्हा डाव्या कानात थोडीशी गुणगुण तेवढी उरली होती.

त्यानंतर मागावर जाणाऱ्या बायका आपली पोरं तिच्याकडे ठेवू लागल्या. दोन शेडच्या मधे तिची खोली. मागांच्या धडधडीनं फळीवरची भांडी दिवसभर थरथरत, पण पोरं धुतलेली, पोट भरलेली, वेळेवर झोपलेली असत. कुणी भोकाड पसरत नसे. कुणी हट्ट करत नसे. डोळे चोळले म्हणजे झोप, पोटावर थोपटलं म्हणजे भूक. "मावशीच्या खोलीत किती शांत असतं," असं बायका म्हणायच्या आणि ते वाचताना मावशीला बरं वाटायचं.

"मुकी नाही ती," मावशी म्हणाली. "शहाणी आहे."

"शहाणी आहे तर बोलत का नाही?"

मावशीनं भरलेलं फुलपात्र चिमीच्या हातात दिलं.

दोन दिवसांनी चिमीच्या आईनं खाडा केला आणि पोरीला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ती परतली ती नर्सबाईला बरोबर घेऊनच. मावशीनं पसारा भराभर कोपऱ्यात सारला. आता ही बाई खोली बघणार, नाक मुरडणार, उद्यापासून पोरं बंद. आधीच गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. शेडवरच्या मुकादमाच्या, जॉबरच्या बायकोनं तर आपली दोन्ही पोरं कालपासून पाठवलीच नव्हती. पोरांशिवाय मावशीची चूल पेटणार कशावर?

नर्सबाई मात्र चप्पल काढून जमिनीवरच बसली. चिमीच्या पाठीमागून तिनं हळूच वाटीवर चमचा वाजवला. चिमी वळून बघू लागली. लठ्ठोबा म्हणून सगळे ज्याला हाक मारत, ते रांगतं बाळही वळलं.

"कान उत्तम आहेत," नर्सबाई मावशीकडे तोंड करून सावकाश म्हणाली. "दिवसभर हिच्याशी कोण बोलतं?"

"बाप रात्रपाळीला, दिवसा झोपलेला असतो," चिमीची आई म्हणाली. "मी घरी पोचते तेव्हा माझ्यातच जीव नसतो. सासूबाई धाकट्या दिरांकडे असतात, आल्या की बोलतात, पण माझ्याशी. ही असते इथेच."

"आणि इथे?"

मावशीनं हात पुढे केले. चिमीला खूण केली: बाहुली कोपऱ्यात आहे, आण, बाळाला दाखव, हळू. चिमी उठली, बाहुली आणली, लठ्ठोबासमोर धरली, आणि त्यानं हिसकायला हात घातला तसा तिनं तो अलगद धरून ठेवला. नर्सबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"हिला सगळं समजतं. तुम्हीच शिकवलंत. या खुणा मोडू नका," ती म्हणाली. "पण बोलणं कानावर पडलं नाही तर मूल बोलणार कसं? बाहेर मागांचा आवाज, आत कुणी बोलत नाही. हेच वय आहे मावशी. जवळ घ्यायचं आणि बोलत राहायचं. काहीही. भांडी घासताना भांड्यांबद्दल बोला."

"मला माझाच आवाज ऐकू येत नाही. मी काय बोलू?"

नर्सबाईनं चपला पायात सरकवल्या. "बघा प्रयत्न करून," ती म्हणाली. जाताना मावशीच्या खांद्यावर तिनं हात ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मावशीला वाटलं. रागाला उत्तर देता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं चिमीला मांडीवर घेतलं आणि बोलायला सुरुवात केली. हा तवा. ही वाटी. बघ, खिडकीत कावळा आलाय. शेडमध्ये बोलायची सवय, आवाज घशातून फुटला तो तसाच, मागांच्या वरताण. लठ्ठोबा दचकून रडायला लागला. मावशीनं आवाज खाली आणला, निदान तिला तसं वाटलं, आणि पुन्हा कावळ्याकडे बोट केलं. चिमीनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

मावशी बोलायची थांबली. मग चिमीनं कान सोडले आणि तिच्या गालावर हात फिरवला. म्हणजे, रागावू नकोस.

दुपारी पोरं झोपल्यावर मावशी तांदूळ निवडायला बसली, पण हात चालेना. गल्लीच्या टोकाला, बंद पडलेल्या गोदामामागे, एक बाई एकटी राहत होती. तिला सगळे रेडिओ म्हणत. गुडघे गेलेले, उंबऱ्याबाहेर पडणं कठीण, पण तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की दिवस मावळेपर्यंत चाले. माणूस नसलं तर भांड्यांशी बोलायची. जवळच्या नळावर पाण्यासाठी आलेल्या बायका हंडा भरून दोनदा ओतायच्या, पण हिची गोष्ट संपायची नाही. गोदामाच्या जाड भिंतीमुळे मागांचा आवाजही तिकडे दबलेला असे.

रेडिओशी मावशीचा अबोला होता. मागे एकदा ती पाच-सहा बायकांसमोर म्हणाली होती, "बहिरीकडे पोरं ठेवताय, उद्या मुकी निघतील." तिला वाटलं, मावशी पाठमोरी आहे. मावशीनं समोरच्या खिडकीच्या काचेत तिचे ओठ वाचले होते. तेव्हापासून मावशी त्या बाजूला फिरकली नव्हती.

पोरं उठली. मावशीनं लठ्ठोबाला कडेवर घेतलं, चिमीचं बोट धरलं आणि गल्लीच्या टोकाला गेली.

दारात तिला बघून रेडिओ बंद पडली. गल्लीत असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"तुझ्याकडे मागायला आलेय," मावशी म्हणाली. तिचा आवाज पार नळापर्यंत गेला असणार. दोघी-चौघी वळून बघू लागल्या. "ही पोरं बोलायला हवीत. माझ्याच्यानं होत नाही. न्हाऊमाखू घालीन, भरवीन, झोपवीन, तुझीही भांडी घासीन. तू फक्त बोल. पोरांच्या आयांकडून येईल त्यात निम्मं तुझं."

"अगं बाई, मी तेव्हाच म्हटलं होतं की..." रेडिओनं सुरुवात केली आणि तोंडावर हात ठेवला. हाताआड ओठ गेल्यामुळे पुढचं मावशीला वाचता आलं नाही. तिनं हात काढला तेव्हा डोळे ओले होते.

"हसू नको," मावशी म्हणाली.

"हसतेय कुठे. बस आधी. या गोळ्याला इकडे दे. अगं बाई, केवढा जड आहे हा."

तेव्हापासून रोज सकाळी मावशीची वरात गल्लीतून निघू लागली: पुढे चिमी, मागे कडेवर लठ्ठोबा, काखेत गोधड्यांची वळकटी. रेडिओ भिंतीला टेकून बसायची आणि बोलायची. कावळ्यावर, दुखऱ्या गुडघ्यावर, मेलेल्या नवऱ्याच्या घोरण्यावर. चिमी तिच्या पुढ्यात बसून तोंडाकडे टक लावून बघायची. पूर्वी ती मावशीच्या तोंडाकडे अशी बघायची, ओठांसाठी नव्हे, रागलोभ ओळखण्यासाठी. मावशी मोरीत भांडी घासता घासता ते बघे आणि मग भांड्याकडे बघे.

कित्येक आठवडे काहीच झालं नाही. मग एका दुपारी रेडिओनं मोरीच्या दारावर काठी आपटली आणि मावशी वळल्यावर ओठ मोठे करत म्हणाली, "बोलली. लठ्ठोबा पडला तशी म्हणाली, अगंबाई."

मावशीनं चिमीकडे बघितलं. चिमीनं तिच्यासाठी पुन्हा ओठ हलवले. ओळखता येण्यासारखे होते.

संध्याकाळी चिमीच्या आईनं तोच शब्द दहादा म्हणून घेतला आणि भुकटीनं माखलेला चेहरा पदरानं पुसला. पुढे शब्दांमागून शब्द आले. न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत आणि बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. चिमीनं गहू, बोरं सगळंच एकदम बाजारात आणलं. जॉबरची बायकोही पोरं घेऊन आली. मात्र झोप आली की सगळी मावशीच्याच मांडीवर येत.

बालवाडीचा पहिला दिवस उजाडला तेव्हा चिमीची आई तिला दाखवायला घेऊन आली. नवा झगा, तेल लावून चापून बसवलेले केस. रेडिओ दारापर्यंत सरकत आली. चिमी आधी तिला बिलगली, मग मावशीसमोर येऊन उभी राहिली आणि बोलू लागली. भराभर, हात मागे बांधून, मधेच हसत, पुढचा दात नसलेल्या मुलासारखी ओठ वाकडे करत. पुष्कळ बोलली. मावशीनं खूप लक्ष दिलं, पण इवल्या ओठांवरून तिला काही म्हणता काही धरता आलं नाही. ती मान हलवत राहिली. "हो," म्हणाली. "बरं. हो."

चिमीचं समाधान झालं. ती आईचं बोट धरून गल्लीतून निघून गेली.

रेडिओनं मावशीचा दंड धरून तिला आपल्याकडे वळवलं. "ती काय म्हणाली सांगू?"

मावशीनं डोकं हलवलं.

"नको. माझ्याशी बोलत होती ती."

रेडिओनं उघडलेलं तोंड मिटलं. मावशी आत आली, लठ्ठोबाचं शेंबडं नाक पदरानं पुसलं आणि त्याला रेडिओकडे तोंड करून बसवलं.