ऑइल फिल्टरचा कौल

“आधी देवाक विचार, मगेच हात लाव,” असं सासूबाई जानकीला जाता जाता सांगून गेल्या होत्या. तेव्हापासून मुलुंडच्या त्या घरात देवाला विचारल्यावाचून काही हललं नव्हतं. फ्रीज कुठल्या भिंतीला लावायचा, निलेशने कॉमर्स घ्यावं की सायन्स, सगळ्याला कौल. गावच्या देवळातून आणलेला मुठीएवढा पाषाण देव्हाऱ्यात होता. त्याच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. जी पाकळी आधी गळेल तो देवाचा शब्द. तोवर जानकी पाण्याचा घोटही घेत नसे. हे मात्र सासूबाईंनी सांगितलेलं नव्हतं, ही तिने घातलेली भर.

पण स्पोर्ट्स कारचा ऑइल फिल्टर निवडून द्यायची वेळ देवावरही पहिल्यांदाच आली होती.

कार निलेशची, म्हणजे तिच्या लेकाची. लाल, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की सोसायटीतलं मांजर तिच्यावर उडी मारत नसे, नुसता पाय टाकत असे. निलेश ती गोरेगावला शूटिंगला भाड्याने देई. मालिकांतले नायक तिच्यातून झोकात उतरत. त्याआधी चौघे तिला ढकलत आणत, ते कॅमेऱ्याला दिसत नसे. अलीकडे सुरू केली की इंजिन टकटक करायचं. कुणीतरी भलताच फिल्टर बसवलाय, असं निदान झालं आणि निलेशने तो काढून टाकला. आता नवे दोन आणून त्याने आईपुढे ठेवले होते.

“दोन्ही बसतात गं. हा रेसिंगवाला. एकदम कडक, तेलातला कचऱ्याचा कण सोडणार नाही. पण गच्च भरला की तेलच अडवतो. इंजिनला तेल नाही मिळालं तर वाट लागली. दुसऱ्याला आत एक बारीक दार आहे. जाळी तुंबली की ते उघडतं आणि तेल न गाळताच जातं.”

“न गाळता? म्हणजे घाण पोटात?”

“उपाशी राहण्यापेक्षा बरं ना. पण गाडीवाल्यांच्या ग्रुपवर निम्मे म्हणतात कडक घाल, निम्मे म्हणतात दारवाला. माझं डोकं फिरलंय, तूच विचार तुझ्या देवाला.”

जानकीने मनात ताबडतोब कडकाच्या बाजूने मत दिलं. सोमवार, संकष्टी, गुरुवार, शनिवार पाळणारी बाई ती. मागच्या दारावर तिचा विश्वास नव्हता. तरी विचारणं भाग होतं. आज तर चुकून चालणार नव्हतं, कारण मध्ये तिचा शब्द अडकला होता.

शब्द दिला होता सासऱ्यांना, धाकूमामंजींना. चेंबूरचा सहदेव हा त्यांचा एका गावचा, एका गिरणीतला सोबती. उद्या पहाटे तो कायमचा गावी निघाला होता. आयुष्यभर त्याने धाकूची टर उडवली होती, आणि शेवटची अशी: “तुझो नातू ती गाडी नटांका देता. तुका कधी बसवल्यान काय?” त्यावर जानकी म्हणून गेली, “मामंजी, तो निघायच्या आत लाल गाडीतून तुम्हाला त्याच्या दारात उतरवते. माझा शब्द.”

मामंजी सकाळपासून बूट घालून, निलेशचा काळा गॉगल लावून खुर्चीत बसले होते.

“घरात तरी काढा हो गॉगल.”

“काढलंय तर परत मेळाचो नाय.”

जानकीने उजव्या पाकळीखाली कडक फिल्टर ठेवला, डावीखाली दारवाला. पदर खांद्यावर घेऊन हळू आवाजात म्हणाली, “बा देवा महाराजा, लेकराची गाडी आहे. इंजिन नाजूक आहे. उजवा घालू की डावा, तूच सांग.”

“व्हय म्हाराजा!” मामंजी खुर्चीतून ओरडले.

“हळू! पाकळी पडेल.”

पंखा बंद केला, वाऱ्याने कौल व्हायला नको. खिडक्या लावल्या. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ-तांदूळ भिजतच राहिले. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, आत तिघं घामाने निथळतायत आणि पाकळ्या मात्र गोंदाने चिकटवल्यासारख्या ताज्यातवान्या. निलेश कंटाळून खाली पार्किंगमध्ये गेला आणि गाडीखाली चटई टाकून पडला.

दुपारी शेजारच्या इरावतीबाई वाटीभर साखर मागायला आल्या, त्या साखर विसरून तिथेच बसल्या. त्यांना शोधत त्यांचे यजमान मार्तंडराव आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी. चारच्या सुमारास त्यांना शिंक आली. उजवी पाकळी सर्रकन घसरली आणि पाषाणाच्या कडेला अर्धी लोंबकळत थांबली.

“पडली!” मार्तंडराव कुजबुजले.

“लोंबतेय,” इरावतीबाई म्हणाल्या. “आणि शिंक तुमची होती. देवाची कुठे?”

“शिंक देणारा कोण मग? सदर शिंक ग्राह्य धरावी असा मी ठराव मांडतो.”

“तुमचंच नाक आणि तुम्हीच न्यायाधीश? तपकीर सोडा म्हणून किती वर्षं सांगतेय!”

“ठरावाला अनुमोदन कोण देतंय ते बोला.”

एवढ्यात मामंजींचा फोन वाजला. सगळे दचकले. पाकळी हलली, पण तग धरून राहिली. सहदेवचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता: “काय रे धाकू, निघालंस काय? की गाडयेक धक्को मारतंस? अरे, रवांदे. ती गाडी टीव्हीतच बरी. माझा सामान बांधून झाला.”

मामंजींनी फोन ठेवला. गॉगलामागचं कुणाला दिसलं नाही. मग त्यांनी वाकून बुटाची नाडी सोडली.

जानकी उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे ओट्याला धरावं लागलं. घशाला कोरड पडली होती, डोळ्यांपुढे काजवे. कानाशी काहीतरी वाजत होतं. आधी वाटलं, खाली निलेशने गाडी चालू केली. तेच टकटक, तीच लय. मग छातीवर हात ठेवला तेव्हा कळलं, गाडी खाली गप्पच आहे.

तिच्या मनात आलं: इतकी वर्षं आपण एवढं बारीक गाळत आलो, की पाणीसुद्धा अडलं. ज्याला शब्द दिला तो म्हातारा बाहेर नाडी सोडतोय, आणि आपण शिंकेचा निकाल लागायची वाट बघतोय.

तिने माठातून तांब्या भरला आणि उभ्याउभ्या प्याली. आभाळ कोसळलं नाही. बाहेर मार्तंडराव अनुमोदकाचं नाव विचारत होते, तेवढंच ऐकू आलं.

ती देव्हाऱ्याशी आली. नवराबायकोची नजर पाकळीवर अशी खिळली होती की तिने हात जोडले तेही त्यांना दिसलं नाही. “तुमचं सावकाश होऊ दे,” ती पाषाणाला मनातल्या मनात म्हणाली. “मी एवढं करून येते.” आणि डावीखालचा, दारवाला फिल्टर अलगद उचलून तिने पदराखाली घेतला.

मग मामंजींपुढे गुडघ्यावर बसली आणि त्यांच्या बुटाची नाडी पुन्हा बांधू लागली. ते खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाले, “कौल झालो?”

“चला तुम्ही.”

“देव काय म्हणालो?”

“पाणी पी म्हणाला.”

मामंजींना त्यातलं काय कळलं देव जाणे, पण ते उठले. “बूट वाजतले गो,” म्हणत नुकतेच बांधलेले बूट त्यांनी काढून हातात घेतले. जानकीने दार आवाज न करता ओढून घेतलं. लिफ्टचं दार आदळलं असतं तर आत पाकळी पडली असती, म्हणून ती लिफ्टकडे वळलीच नाही. एका हातात फिल्टर, दुसऱ्या हातात मामंजींचा दंड, अशी ती एकेक पायरी चाचपत पार्किंगकडे उतरू लागली.