उलटे हात

"ब्लॉक जे, खालून सहावी रांग," छताजवळच्या कर्ण्यातून आवाज आला. "पुन्हा उलटं."

अख्ख्या स्टेडियमनं त्या रांगेकडे माना वळवल्या. सकाळची रंगीत तालीम चालू होती. समूहगायनाला राज्यभरातल्या सरकारी शाळांची तीन हजार मुलं, सगळ्यांच्या अंगात निळे टी-शर्ट. दुसऱ्या कडव्याला सगळ्यांनी उजवा हात वर करून उजवीकडे झुकायचं होतं. त्या निळ्या डोंगराच्या ऐन मध्यावर चौदा मुलं डावा हात वर करून डावीकडे झुकली होती. त्यांच्यातल्या एकीचं कोपर शेजारच्या शाळेच्या मुलीच्या नाकावर बसलं होतं आणि तिला आता बर्फ लावायला नेत होते.

ती चौदा मुलं बुलीगारा या आडगावच्या शाळेची. त्यांना गाणं शिकवणारी नोएलीन प्राऊस रांगेच्या टोकाला, पायरीवर बसली होती. तिनं छताकडे अशा नजरेनं बघितलं, की तो बोलणारा हाताशी सापडता तर त्याची खैर नव्हती. सकाळपासून तिला कुणीच धड वाटलं नव्हतं. बस लांब उभी करायला लावणारा माणूस मूर्ख होता, मुलांचे डबे तपासणारी बाई आगाऊ होती, आणि सिडनी तर तिला कधीच सोसली नव्हती. दरवर्षी नोव्हेंबरात हा शालेय महामेळा यायचा, दरवर्षी ती मुलांना दिवसभर बसमध्ये घालून आणायची, आणि दरवर्षी इथल्या लोकांच्या नावानं बोटं मोडत परत जायची. तरी वीस वर्षांत तिनं एकही मेळा चुकवला नव्हता.

हे शेवटचं वर्ष होतं. डिसेंबरात ती निवृत्त होणार होती आणि तिच्यामागे बुलीगारात गाणं शिकवणारं कुणी नव्हतं. तिकडे गहू नोव्हेंबरातच कापणीला येतो, आणि ती ऐन कापणी चालू असताना चौदा घरच्या लोकांनी यंत्रं शेतात तशीच उभी केली होती. ते सगळे रात्रभर गाड्या हाणत आले होते आणि दुपारच्या प्रयोगाला वर प्रेक्षकांत बसणार होते. पोरांना कॅमेऱ्यावर बघायला.

पायऱ्या चढत जॅनिस कॉर्बी वर आली. बुलीगाराच्या शालेय विभागाची समन्वयक. गळ्यात ओळखपत्र, कानात यंत्र, आणि चेहऱ्यावर नोएलीनसाठी राखून ठेवलेला तो खास थंडपणा.

"मुलांना बाहेर घे," जॅनिस घोगऱ्या आवाजात म्हणाली. "कॉरिडॉरमध्ये."

नोएलीननं मुलांना उठवलं. जॅनिसशी ती चार वर्षांत एक शब्द बोलली नव्हती, आताही बोलली नाही.

एकेकाळी दोघी एकाच शाळेत होत्या, एकाच किटलीतला चहा प्यायच्या. पुढे जॅनिसला विभागाचं पद मिळालं. ते नोएलीनलाही हवं होतं, पण तेवढं तिनं गिळलं असतं. चार वर्षांपूर्वी विभागाच्या तालमीत जॅनिस डेन नावाच्या मुलापाशी थांबली. पोरगं बेसूर होतं, अगदी ठार बेसूर. जॅनिस त्याला सगळ्यांदेखत म्हणाली, तू नुसते ओठ हलव. डेननं त्या दिवसानंतर शाळेत तोंड उघडलं नाही. नोएलीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जॅनिस एकेकाळी उत्तम गायची, पण घशाच्या शस्त्रक्रियेत तिचा आवाज गेला होता. हे ठाऊक असूनही नोएलीन साठ शिक्षकांसमोर म्हणाली होती, "स्वतःचा आवाज गेला म्हणून पोरांचे बंद करत हिंडतेस होय?"

त्यानंतर विभागाची तालीम आली की नोएलीनला काहीतरी व्हायचं. कधी पाठ धरायची, कधी शाळेची बस बिघडायची. ती गावातच, मेळ्याकडून येणाऱ्या सरावाच्या व्हिडिओवरून पोरांना बसवायची, आणि तीन वर्षं ते निभावलं होतं.

कॉरिडॉरमध्ये जॅनिसनं मुलांना भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि विचारलं, हे असं कुणी शिकवलं. मुलांनी नोएलीनकडे बघितलं.

"व्हिडिओत आहे तसंच शिकवलंय," नोएलीनला बोलावंच लागलं. "समोरच्या बाईचा डावा म्हणजे डावा. वीस वर्षं तेच करतेय मी."

"या वर्षी चित्र उलटं करून घेतलंय. आरशासारखं. बघायचं आणि तसंच करायचं, डोकं चालवायचं नाही. व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगितलंय की."

"कुणी सांगितलंय?"

"मीच. माझ्याच आवाजात आहे ते."

सुरुवातीला तो घोगरा आवाज लागला रे लागला की नोएलीन बटण दाबून थेट गाण्यावर जायची. सबंध वर्षात एकदाही तिनं तो ऐकला नव्हता. चूक छतातल्या माणसाची नव्हती, सिडनीची नव्हती, जॅनिसचीसुद्धा नव्हती, आणि हे शेवटचं तिला फार झोंबलं. तिनं कबूल मात्र केलं नाही. व्हिडिओ असले गाढवासारखे कुणी बनवतं का, एवढंच ती म्हणाली.

जॅनिसनं वाद घातला नाही. तिनं स्वतः मुलांकडे पाठ करून हात दाखवले. उजवा वर, अंग उजवीकडे, टाळी. मुलांनी दोनदा चुकवलं, मग जमलं. पुन्हा जमलं. डेनची धाकटी बहीण किर्रा सगळ्यांच्या पुढे होती आणि तिला तर पहिल्याच झटक्यात आलं. नोएलीन पाण्याच्या नळापाशी उभी राहून बघत होती. जॅनिस शिकवते चांगलं, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

मुलं परत रांगेत गेली, नोएलीन पायरीवर बसली. वाद्यवृंद वाजला, पहिलं कडवं झालं, दुसरं आलं, आणि तीन हजार हातांत चौदा डावे हात वर गेले.

या वेळी छतातला आवाज चिडला होता. दिग्दर्शकाचा निरोप आहे, तो म्हणाला, त्या मुलांनी हात मांडीवर ठेवून नुसतं बसावं किंवा त्यांना ढोलांच्या मागे हलवावं. तिथं कॅमेरा पोचत नाही.

मुलांच्या कानांपर्यंत ते व्यवस्थित पोचलं. एकजण रडायला लागला. किर्रानं आपला डावा हात उजव्या हातानं घट्ट धरून ठेवला, जणू तो तिचा नव्हताच.

जॅनिस पुन्हा पायऱ्या चढून आली. नोएलीन उठून तिच्यासमोर उभी राहिली.

"झालं ना मनासारखं? घे सूड. चार वर्षं वाट बघितलीस."

"वाटू दे तुला तसं," जॅनिस म्हणाली. "मला त्यांना ढोलांमागे टाकायचं नाहीये. आत्ता मी खाली उभी राहून बघत होते. पोरांकडे नाही, तुझ्याकडे. तुझा हात गुडघ्यावर होता आणि दुसऱ्या कडव्याला तुझा खांदा गेला. एवढासाच. तू हलवलास हे तुलाही कळलं नसेल."

"मग?"

"तुझी पोरं वाद्यवृंदाच्या कंडक्टरकडे बघतच नाहीत. तुझ्याकडे बघतात. तू दिसलीस की मी शिकवलेलं सगळं पुसलं जातं. तू इथं बसलीस तर त्यांचे हात मांडीवर. नाहीतर तू बाहेर जा, मी बसते इथं. प्रयोग संपेपर्यंत डोळ्यांसमोर यायचं नाही. प्रेक्षकांतसुद्धा नाही, ती शोधतात तुला."

दुसरं कुणी हे बोललं असतं तर नोएलीनला कदाचित बरं वाटलं असतं. या तोंडून ते तिला ऐकवेना. दुसरा काही मार्ग नाही का, असं विचारायला तिनं तोंड उघडलं, आणि रडणाऱ्या पोराचे डोळे किर्रा आपल्या टी-शर्टच्या बाहीनं पुसत होती ते तिला दिसलं. वीस वर्षांतला शेवटचा मेळा होता. तिनं पायरीवरची पिशवी उचलली.

"त्या पोरीला ओठ हलव म्हणालीस तर बघ," ती म्हणाली.

जॅनिसनं किर्राकडे वळून बघितलं. "तिचा भाऊ कसा आहे?"

"गात नाही," नोएलीन म्हणाली.

मुलांना तिनं थोडक्यात सांगितलं. समोर काठी घेऊन उभा आहे त्या माणसाकडे बघायचं. शेजाऱ्याकडे नाही, आईबापाकडे नाही. ही मिस कॉर्बी सांगेल तसं करायचं.

"मिस, तुम्ही कुठे बसणार?" किर्रानं विचारलं.

"वर. दिव्यांच्या मागे. तुम्हाला मी दिसणार नाही, मला मात्र सगळं दिसेल. म्हणून नीट करा."

किर्रानं मान वर करून दिव्यांकडे बघितलं. तिनं विश्वास ठेवला, आणि नोएलीनला पिशवी घेऊन लगबगीनं निघावं लागलं.

दिव्यांच्या मागे जायला वाट नव्हतीच. नोएलीन स्टेडियमच्या पाठीमागे सामान उतरवायच्या दाराशी येऊन बसली. तिथं सिओने नावाचा टोंगा बेटांवरचा धिप्पाड पहारेकरी खुर्ची टाकून होता आणि त्याच्या टेबलावर छोटा टीव्ही लावलेला होता. त्यानं तिला दुसरी खुर्ची दिली, आपल्यातला खिमा भरलेला 'मीट पाय' खाणार का विचारलं. ती नाही म्हणाली, तेही फटकारल्यासारखं. तो बिचारा एकटाच खाऊ लागला.

प्रयोग सुरू झाला. भिंतीतून ढोल ऐकू यायचे आणि त्याच क्षणी टीव्हीवर नाचणारी पोरं दिसायची. मग समूहगायनाची पाळी आली आणि पडदाभर निळा डोंगर उभा राहिला. नोएलीननं चष्मा पुसला. पहिलं कडवं गेलं. चौदा घरची माणसं आत्ता आत पुढे सरकून बसली असतील, तिच्या मनात आलं. दुसरं कडवं लागायच्या आधी तिनं आपला डावा हात मांडीखाली घालून त्यावर सगळं वजन टाकलं.

तीन हजार हात वर गेले. डोंगर एकसारखा उजवीकडे झुकला. ती डोंगराच्या मध्यावर शोधत होती, मग डावीकडे, मग पुन्हा मध्यावर. नुसता निळा रंग. कुठे खंड नाही, कुठे एक हात वेगळा नाही. टाळी पडली ती भिंतीतूनही ऐकू आली.

"यांतली तुमची कुठली?" सिओनेनं विचारलं.

"सापडत नाहीत," नोएलीन म्हणाली. तिचा आवाज चिरकला आणि तिला स्वतःचाच राग आला.

"थांबा, कॅमेरा जवळ जातो कधीकधी," असं म्हणून त्यानं टीव्ही तिच्याकडे वळवला. शेवटचं कडवं लागलं. मांडीखालच्या हाताला मुंग्या आल्या होत्या, तरी तिनं तो काढला नाही.