गाळलेली वाक्यं

तिसऱ्यांदा नापास झाल्याचं तिला चष्म्याच्या दुकानात कळलं. गिऱ्हाईक आरशासमोर मान वळवून वळवून फ्रेम बघत होतं आणि तिने काउंटरखाली धरलेल्या फोनवर निकाल उघडला. मग फोन पालथा ठेवून ती म्हणाली, "ही शोभते तुम्हाला." गिऱ्हाईक खूश झालं.

परीक्षा दुभाष्यांची होती. कर्णबधिर माणसाच्या खुणा बोलून दाखवायच्या आणि समोरच्याचं बोलणं त्याला खुणांनी सांगायचं. एक भाग दवाखान्याचा, एक कोर्टाचा. सनद मिळाली की दोन्हीकडे काम करता येतं, नाहीतर दारातूनच परत पाठवतात. पहिल्या वेळी तिला ही परीक्षा म्हणजे हातचा मळ वाटली होती. तिच्या आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ही तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागली होती. वडील गेल्यावर तर बाहेरचा सगळा कारभार तिच्या इवल्याशा हातांवर आला. वाणी, घरमालक, शाळा, जिथे तिथे आईच्या पुढे ही.

घोळ झाला तो तिथेच. निकालासोबत शेरा यायचा, आणि तिन्ही वेळा तो एकच होता : वाक्यं गाळते, मवाळ करते. परीक्षेतला घरमालक भाडेकरूला वाटेल ते बोलत होता आणि हिच्या हातांनी सांगितलं, की घर लवकर रिकामं केलंत तर बरं होईल. तिने मुद्दाम केलं नव्हतं, हातांना वळणच तसं पडलं होतं. लहानपणी दुकानदार म्हणायचा, "त्या बहिरीला सांग, मागे सरक." ती आईला सांगायची, "काका म्हणतात, जरा थांबा." चौथीत वर्गाच्या बाईंनी आईला बोलावून लेकीच्या आगाऊपणाचा पाढा वाचला, तर हिने सांगितलं, मुलगी हुशार आहे, अक्षर मोत्यासारखं आहे. आईने बाईंचे दोन्ही हात धरून आभार मानले. बाई बघतच राहिल्या. धाकटा भाऊ हा किस्सा अजून रंगवून सांगायचा.

तिसऱ्या निकालाच्या दिवशी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तिने मांडीवर ठेवला, कारण हात मोकळे झाल्याशिवाय तिला बोलता यायचं नाही.

"माझ्याकडून शिकलीस म्हणून नापास होतेस का? माझ्या खुणा जुन्या आहेत?"

"नाही गं. परीक्षाच अवघड आहे."

खरं कारण तिने सांगितलं नाही. तेही गाळलंच.

"ताई, सोड ना आता," भाऊ म्हणाला. "किती वेळा डोकं आपटून घेणार?" तिने पुन्हा अर्ज भरला. परीक्षेला अजून अवकाश होता.

मधल्या काळात आईचं पोट दुखायला लागलं. आधी घरगुती उपाय झाले, मग तपासण्या. रिपोर्ट घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं तेव्हा हॉस्पिटलने कळवलं, की सनद असलेला दुभाषा पुढच्या आठवड्यात मिळेल. आई थांबायला तयार नव्हती. "माझी दुभाषी घरातच आहे," ती म्हणाली.

डॉक्टर तरुण होते, आणि वाईट बातमी असली की माणूस बोलतो तसे जरा भरभर बोलत होते. स्वादुपिंडात कॅन्सर आहे. यकृतात पसरलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. औषधांनी दुखणं कमी करता येईल, पण हाताशी काही महिनेच आहेत.

तिचे हात उठले. "पोटात गाठ आहे. औषधं देणार आहेत. वेळ लागेल."

आई तिच्या हातांकडे बघतच नव्हती. ती डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग लेकीकडे वळली.

"तो एवढं बोलला आणि तू एवढंसंच?"

"तेवढंच म्हणाले."

"खोटं बोलताना तुझे हात छातीला चिकटतात. लहानपणापासून. त्या शाळेतल्या बाईच्या वेळीही चिकटले होते."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"एवढीशी होतीस. तुला वाटायचं, तू मला सांभाळतेस. म्हटलं, वाटू दे. आता तशी लहान नाहीस. मी मरणार असेन, तर ते मला सगळ्यांच्या शेवटी कळू नये."

तिने डॉक्टरांना सगळं पुन्हा सांगायला लावलं. या वेळी एक शब्द सोडला नाही. पसरलाय म्हणजे कुठून कुठवर, तेही दाखवलं. आईने शांतपणे पाहिलं आणि प्रश्न विचारले. दुभाष्याने समोरच्याचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं असतं, 'ती म्हणते' असं म्हणायचं नसतं. त्यामुळे त्या खोलीत ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली, "मला फार दुखेल का? मला शेवटपर्यंत माणसं ओळखू येतील का?" डॉक्टर तिच्याकडे बघून उत्तर देऊ लागले, तेव्हा तिने त्यांना आईकडे बघायची खूण केली.

परीक्षेच्या आधीच आई गेली. शेवटी शेवटी तिचे हात उचलत नव्हते, नुसती बोटं हलायची, आणि ती काय म्हणते हे लेकीलाही नेहमी कळायचं नाही. परीक्षा आली आणि गेली, ती बसली नाही. ती दुकानात जायची, घरी यायची, झोपायची. भावाने पुन्हा तो विषय काढला नाही.

आईला कर्णबधिरांच्या मंडळात ओळखणाऱ्या एक बाई होत्या, स्वतः कर्णबधिर, आणि परीक्षकांपैकी एक. एका दुपारी त्या भेटायला आल्या. दोघी तासभर आईबद्दल बोलल्या. बोलून झाल्यावर हिच्या मनगटात कळ आली, तेव्हा तिला कळलं, की इतके दिवस हे हात बोललेच नव्हते.

उठताना बाई म्हणाल्या, "परीक्षक म्हणून माझं नाव मी काढून घेतलंय. आता तुला शिकवता येईल."

"मी पुन्हा बसणार, असं कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. नाही बसलीस तर मला सुट्टी."

ती बाईंकडे शिकायला जायला लागली. सनदेसाठी जाते, असं भावाला सांगायची. पण आईची भाषा बोलायला आता दुसरं घर उरलं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

चौथ्या वेळी दवाखान्याच्या भागात एका बापाला मुलाच्या आजाराचं सांगायचं होतं. तिने जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर कोर्टाचा भाग सुरू झाला, पण तिच्या डोळ्यांपुढून तो बाप हलेना. साक्षीदाराची अर्धी साक्ष निसटली, तारखा उलटसुलट झाल्या.

दवाखाना पास, कोर्ट नापास. म्हणजे नापासच. दोन्ही मिळाल्याशिवाय सनद नाही.

"परत?" भावाने विचारलं. त्याचा आवाज या वेळी हळू होता.

"कोर्टाचा भाग राहिलाय," ती म्हणाली.

त्या आठवड्यात ती बाईंकडे गेली. बाईंनी सरावाला न्यायाधीशाचा निकाल घेतला होता; त्या तो खुणांनी सांगायच्या आणि तिने तसाच परत सांगायचा. एका आईकडून तिच्या मुलाचा ताबा काढून घेतला जात होता. दोन वाक्यं झाली आणि तिचे डोळे भरून आले. या भाषेत डोळे भरले, की समोरचा काय म्हणतोय ते दिसत नाही. बाईंना हे ठाऊक होतं. त्यांनी निकाल थांबवला, हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने तिला पुन्हा नीट दिसायला लागलं. बाईंचा चेहरा, मागची खिडकी, त्यांचे थांबलेले हात. तिने ओढणीने तोंड पुसलं आणि खूण केली, "पहिल्यापासून."